"काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्यांना मी आता खरंच सांगते

"काही लागलं तर सांग हं." मी एकटीने लेक वाढवतेय, आणि गेल्या सहा वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय ते लिहून ठेवलं असतं तर एक वही भरली असती. म्हणणारी माणसं वाईट नसतात, बहुतेक जण अगदी मनापासून म्हणतात, पण त्या वाक्यात सगळं काम माझ्याच गळ्यात राहतं ना, म्हणजे मला काय लागतंय ते मीच शोधायचं, ते कुणाला सांगण्यासारखं आहे ते मीच ठरवायचं, मग धीर करून फोन लावायचा आणि समोरची बाई आत्ता कामात असेल का याची काळजी पण मीच करायची. त्यापेक्षा ते काम स्वतः उरकून टाकलेलं परवडतं. म्हणून मी "हो हो, नक्की" म्हणायचे आणि कधीच काही सांगायचे नाही. अशी चार वर्षं काढली.

मग आजारी पडले. लेक नाही, मी. लेकीच्या आजारपणाची सगळी तयारी होती माझी, औषधं, थर्मामीटर, सुट्टीचा अर्ज, पण आपण स्वतः आडवं होऊ हे डोक्यातच नव्हतं. दोन दिवस ताप, उभं राहिलं की घेरी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोळे उघडले तर पाच वर्षांची माझी पोरगी स्टूल ओढून ओट्यापाशी उभी, म्हणाली "तुझ्यासाठी पाणी गरम करते." गॅस पेटला नव्हता, नशीब. मी तिथल्या तिथे शेजारच्या काकूंना फोन लावला आणि बोलता येईना इतकी रडले. काकू दोन मिनिटात आल्या, आणि आल्या आल्या पहिलं वाक्य काय, तर "अगं मग आधी सांगायचं नाही का?" तेव्हा इतका राग आला होता मला! पण त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांना कळणार कसं?

बरी झाल्यावर मी एक काम केलं, आठवडाभर मी जे जे करते ते सगळं लिहून काढलं. अगदी वॉटरबॅग धुण्यापासून. मग त्याचे तीन भाग केले, जे फक्त मीच करू शकते, जे दुसरं कुणीही करू शकतं, आणि जे कुणी नाही केलं तरी काही बिघडत नाही. पहिला भाग मला वाटलं होता त्यापेक्षा खूपच छोटा निघाला. रात्री शेजारी झोपणं, शाळेत काय झालं ते ऐकणं, पैसे आणि शाळेचे मोठे निर्णय, ती रडली की जवळ घेणं. बास. आणि तिसरा भाग पाहून तर स्वतःचंच हसू आलं, घरात घालायच्या कपड्यांना इस्त्री कोण करतं हो? मी करत होते. एकटीचं घर आहे म्हणून कुणी नावं ठेवू नयेत यासाठी मी दोघांच्या घरापेक्षा जास्त टापटीप ठेवत होते.

दुसऱ्या भागातली कामं मग मागायला सुरुवात केली. मागण्याची पण एक पद्धत असते, ती मला आपटी खाऊन कळली. "मला जरा मदत लागेल गं" असं मोघम म्हटलं की समोरची घाबरते, तिला वाटतं आता हे किती वाढेल देव जाणे. तेच "मंगळवारी साडेपाच ते साडेसहा लेक तुमच्याकडे बसेल का, तिचा गृहपाठ ती आणेल, आणि नाही जमलं तर मोकळेपणाने सांगा, मी दुसरीला विचारीन" असं म्हटलं की बहुतेक वेळा हो येतं, कारण काम केवढं आहे ते दिसतं आणि ते संपणार कधी ते पण दिसतं. शेवटचा तुकडा विसरू नका. नाही म्हणायची सोय दिली की माणसं हो म्हणायला घाबरत नाहीत. मी पाच जणींना विचारलं, दोघी नाही म्हणाल्या, एक हो म्हणून आलीच नाही, आणि दोघी आजपर्यंत टिकल्यात. दोन म्हणजे खूप झाल्या.

फुकट घेतल्यासारखं वाटतं, उपकार वाटतात, हे पण खरं. त्यावर माझा उपाय म्हणजे परतफेड लगेच आणि माझ्या कुवतीची. काकूंचे ऑनलाइन फॉर्म, बिलं, रिपोर्टच्या प्रिंट हे सगळं मी करते. दुसरी जी आहे ती पण एकटीच मुलगा वाढवतेय, तिच्याबरोबर शनिवार वाटून घेतलाय, एका शनिवारी दोन्ही पोरं माझ्याकडे, पुढच्या शनिवारी तिच्याकडे. दोन मुलं एकमेकांत खेळतात त्यामुळे एकाला सांभाळण्यापेक्षा दोघांना सांभाळणं सोपं जातं, हे ऐकायला उलटं वाटेल पण करून बघा.

आता रात्रीबद्दल, कारण माझ्या मते एकट्या आईची खरी परीक्षा दिवसा होतच नाही. दिवसा धावपळ असते, हात कमी पडतात. रात्री अडीचला पोरीचं अंग तापलेलं असतं तेव्हा मात्र "काय करूया?" असं विचारायला कुणी नसतं. दोन माणसांच्या घरात दुसरं माणूस त्या वेळी काही विशेष करत नसेलही, नुसतं "सकाळी बघू" किंवा "चल जाऊया" एवढंच म्हणत असेल, पण त्या एका वाक्याने निर्णयाचं ओझं निम्मं होतं. आपल्याला ते वाक्य कोण म्हणणार? मी काय केलं, ते वाक्य दिवसा लिहून ठेवलं. लेकीच्या डॉक्टरांकडे ती ठणठणीत असताना गेले आणि शांतपणे विचारून घेतलं, की ताप किती असेल तर घरी थांबायचं, काय दिसलं तर सकाळची वाट न बघता निघायचं, औषध तिच्या वजनाला किती आणि किती तासांनी. लहान मुलांना तापाच्या औषधाचा डोस वयापेक्षा वजनावरून देतात, त्यामुळे दर काही महिन्यांनी वजन करून कागदावरचा आकडा बदलावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. काही गोष्टी तर सगळ्यांनीच पाठ करून ठेवाव्यात, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरी बसून वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर. कुठल्याही वयाच्या मुलाला श्वास घ्यायला त्रास होतोय, फिट आली, मूल नीट जागंच होत नाहीये, पाणी पण पोटात ठरत नाहीये आणि लघवी जवळजवळ बंद झालीय, तर वेळ न बघता निघायचं. आणि ॲस्पिरिन मुलांना आपल्या मनाने कधीच द्यायची नाही.

तो कागद फ्रिजवर आहे. त्यावर लेकीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, वजन, रक्तगट, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, रात्री कुठल्या हॉस्पिटलमध्ये जायचं, आणि मला काही झालं तर कुणाला फोन करायचा त्या दोघींची नावं. घराची एक किल्ली काकूंकडे. शाळेत मुलाला न्यायला कोण येऊ शकतं त्या यादीत माझ्याशिवाय दोन नावं घातली, आधी फक्त माझंच होतं आणि एकदा मी ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकले तेव्हा लेक शाळेच्या पायरीवर एकटी बसून होती. हे सगळं करायला एक दुपार लागली. चार वर्षं मी त्या एका दुपारीशिवाय जगत होते.

याच दुपारी अजून एक कागद करायला हवा होता तो मात्र मी वर्षभर टाळला. मृत्युपत्र. लिहिताना हात थरथरतो, खोटं कशाला बोलू. पण आपल्यानंतर मूल कुणाकडे राहील हे आपण लिहून ठेवलं नाही तर ते दुसरं कुणीतरी ठरवणार, आणि त्या दुसऱ्याला आपलं लेकरू अंधाराला घाबरतं हे माहीत नसणार. ज्या माणसाचं नाव घालाल त्याला आधी विचारा. कायदे जागोजागी वेगळे असतात, दुसरा पालक हयात असेल तर त्याचे हक्क येतात, म्हणून एकदा वकिलाला विचारून घ्या, त्या एका भेटीचे पैसे वाचवू नका. पैशाचं बाकी फार सांगत नाही, दोनच गोष्टी. मुलांच्या नावाने गुंतवणूक करण्याआधी स्वतःचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे आपण गेलो तर मागे राहिलेल्यांना रक्कम मिळेल असा विमा, काढा, कारण घरात कमावणारी एकच असेल तर सगळं त्या एकीवर उभं आहे. आणि पगार आल्या दिवशी छोटीशी का होईना रक्कम आपोआप वेगळ्या खात्यात जाईल असं करा, तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हटलं तर उरत नाही. कुणाचंच उरत नाही.

बरं, आता मला सगळ्यात जास्त छळलेल्या कौतुकाबद्दल. "तू तर तिची आई पण आहेस आणि बाबा पण." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा छाती फुगली होती. मग मी खरंच दोघं व्हायच्या मागे लागले, सायकल शिकवायची तर मीच, शिस्त लावायची तर कडक आवाज काढायचा, लगेच पाच मिनिटांनी मऊ आवाजात समजूत पण काढायची, पोरगी बिचारी गोंधळून बघत राहायची की आत्ता कोण आहे ही. एका रात्री लक्षात आलं, दोन माणसांचं नाटक एकटीने करण्यात माझं स्वतःचं माणूसच हरवत चाललंय. सोडून दिलं. सायकल शेजारच्या दादाने शिकवली, आणि ती माझ्याकडून शिकली असती त्यापेक्षा लवकर शिकली कारण तो ती पडली की ओरडत नव्हता.

तरी भीती जात नव्हती. एकट्या आईची मुलं पुढे कशी होतात हे मी रात्र रात्र फोनवर शोधायचे, आणि त्यात भीती घालणारंच जास्त सापडतं. पण थोडं खोलात गेल्यावर काही चांगलं पण मिळालं. हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी कित्येक दशकं पाठपुरावा केला, पार ती मुलं चाळिशीला येईपर्यंत. त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं फार खडतर परिस्थितीतली होती, गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांची आजारपणं. आणि त्या खडतर गटातलं दर तिसरं मूल चांगलं सक्षम, प्रेमळ माणूस होऊन मोठं झालं. त्यांच्यात जे समान सापडलं त्यात एक गोष्ट ठळक होती, लहानपणापासून किमान एका स्थिर मोठ्या माणसाशी घट्ट नातं. किमान एका! ते आईच असायला हवं असं पण नव्हतं, काही जणांना आजी होती, काहींना शिक्षक, काहींना शेजारी. त्या गटातल्या उरलेल्या दोन तृतीयांश मुलांना त्रास झालाच, ते मी लपवत नाही, पण त्यांच्यातले पण बरेच जण तिशी चाळिशीपर्यंत सावरले. दुसरं काम मेव्हिस हेदरिंग्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंचं, अमेरिकेतली जवळपास १,४०० कुटुंबं, बरीचशी घटस्फोटातून गेलेली. घटस्फोट झालेल्या घरांतल्या साधारण २५ टक्के मुलांना गंभीर अडचणी आल्या, न मोडलेल्या घरांत हाच आकडा १० टक्के. म्हणजे धोका वाढतो, हो, पण चारातली तीन मुलं ठीक असतात. मला आयुष्यभर ऐकवलं गेलं त्याच्या नेमकं उलट.

शेजारचा दादा सायकल शिकवतोय, काकू मंगळवारी गृहपाठ घेतायत, हे मी माझी कमतरता म्हणून बघत होते. आता मला ते लेकीचं भांडवल वाटतं.

मुलं लहान असताना एका गोष्टीला मी फार जपते, आणि इथे मी नातेवाइकांशी भांडलेय सुद्धा. "आता तूच आईचा आधार हो," "आता तूच घरातला कर्ता" हे असलं काही सात आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून बोलायचं नाही. बोलणाऱ्याला वाटतं आपण धीर देतोय. पोराला वाटतं आता मी रडायचं नाही. त्या गॅसपाशी उभ्या असलेल्या माझ्या लेकीला कुणी शिकवलं होतं ते? मीच, नकळत, तिच्यासमोर फोनवर सगळं बोलून. घरकाम जरूर सांगा, ताट उचल, कपडे घडी कर, पण आपली पैशाची काळजी, कोर्टाच्या तारखा, तिच्या बाबांवरचा राग, हे ऐकायला मोठ्या वयाची मैत्रीण शोधा. मुलांनी विचारलंच तर खरं, छोटं आणि त्यांच्या वयाचं उत्तर द्यायचं. "बाबा आपल्याबरोबर राहत नाहीत, त्यात तुझं काही चुकलेलं नाही." हे दुसरं वाक्य न विचारता पण म्हणत राहायचं, मुलं मनात धरून बसतात. आणि ज्यांच्या घरी बाबा वारलेत त्यांनी "देवाघरी झोपलेत" असलं काही लहान मुलाला सांगू नये असं मला वाटतं, मग ते मूल झोपायला घाबरतं. सरळ "वारले, शरीर काम करायचं थांबलं, परत येणार नाहीत" हेच शेवटी सोपं जातं.

झोपेवरून आठवलं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्याला ९ ते १२. मी हा आकडा वाचला तेव्हा पहिला विचार लेकीचा नाही आला, माझाच आला. म्हणजे ती साडेआठला झोपली तर ते तिच्यासाठी चांगलं आणि नंतरचा दीड तास माझा! आता तो दीड तास भांडी घासण्यात घालवायचा नाही हे शिकायला अजून सहा महिने गेले. भांडी सकाळी पण तिथेच असतात. निर्णय पण मी कमी केलेत, कुठल्या वारी रात्री जेवायला काय ते ठरलेलं, दप्तर आणि कपडे रात्रीच दाराशी, त्यामुळे सकाळी डोकं चालवावं लागत नाही, कारण सकाळी ते चालतच नाही.

तरी ओरडायला होतंच. परवा पण झालं, एका मोज्यावरून. नंतर अर्धा तास मी स्वतःला कोसत बसले, आधी तर दोन दोन दिवस बसायचे. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या संशोधकाने आई आणि बाळाची अगदी बारकाईने निरीक्षणं केलीत, आणि सगळं छान चाललेल्या जोड्यांमध्ये पण दोघांचा सूर साधारण ३० टक्के वेळच जुळलेला असतो असं त्याला दिसलं. बाकी सगळा वेळ सूर चुकणं आणि परत जुळवणं. म्हणून मी आता जुळवण्यावर लक्ष देते. खाली बसून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, "मी ओरडले, ते चुकलं माझं, मी दमले होते, मोजा हरवणं काही एवढं मोठं नाही." "पण तू सुद्धा ना" असं पुढे जोडायचं नाही, नाहीतर ती माफी राहत नाही. परवा लेक म्हणाली "ठीके आई, पण पुढच्या वेळी आधी दहा मोज." मीच शिकवलेलं मला परत.

एक गोष्ट गंभीरपणे. दमणं वेगळं आणि हे वेगळं, की दोन आठवडे झाले तरी रोज मन उदास आहे, कशातच रस नाही, झोप नाही किंवा उठवतच नाही, आपण नसतो तर मुलांचं बरं झालं असतं असे विचार येतायत. हे तुमचा कमकुवतपणा नाहीये, हा आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत, डॉक्टरकडे जा. आणि शेवटचा विचार येत असेल तर आठवड्याची वाट नका बघू, आज, आत्ता कुणाला तरी मोठ्याने सांगा. मी एकदा सांगितलंय. समोरची मैत्रीण काही शहाणपणाचं बोलली नाही, ती फक्त गाडी काढून आली आणि रात्रभर थांबली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे पण तीच घेऊन गेली.

आपण फार थोड्या आहोत असं वाटतं ना? यूएन विमेन या संयुक्त राष्ट्रांच्या महिलांसाठीच्या संस्थेच्या २०१९ च्या अहवालात जगातल्या दर १०० कुटुंबांमागे साधारण ८ एकट्या पालकाची आहेत असं दिलंय, आणि त्यातली ८४ टक्के आया चालवतात, म्हणजे १० कोटींच्या वर आया. रात्री अडीचला तुम्ही जाग्या असाल तेव्हा हा आकडा डोळ्यासमोर आणा, कुणीतरी नक्की जागी असणार.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्या एकट्या आई नाहीत पण अशी कुणी ओळखतात, त्यांना एकच विनंती, "काही लागलं तर सांग" च्या जागी "मी उद्या दुकानात जातेय, तुझी यादी पाठव" म्हणा. "रविवारी चार ते सहा मुलाला बागेत नेऊ का?" म्हणा. सल्ला नको, खरंच नको, ती तो आधीच चारदा ऐकून बसलीय.

गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात लांबच्या नात्यातल्या एक वहिनी भेटल्या. माझा हात हातात घेऊन, मान हलवत, "एकटीने करतेस गं सगळं, काही लागलं तर सांग हं." मी लगेच फोन काढला, कॅलेंडर उघडलं आणि म्हटलं, "वहिनी, गुरुवारी लेकीला दुपारी दाताच्या डॉक्टरकडे न्यायचंय आणि माझी मीटिंग आहे, तीन ते साडेचार, जमेल?" त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दोन सेकंद काहीच बोलल्या नाहीत, मग पर्समधून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "पत्ता पाठव."

गुरुवारी तीनला पाच कमी असताना बेल वाजली.